पाठ टेकू देऊ नका

आयसीयूत घेतल्यावर ब्रदर पहिल्यांदा आला तो टेप घेऊन. शिंप्याच्या गळ्यात असते तसली पिवळी टेप. मामांना क्षणभर आडवं केलं, टाळूपासून टाचेपर्यंत टेप लावली आणि फाईलच्या वरच्या कोपऱ्यात मार्करनं लिहिलं, १६८ सेंमी. मामांच्या तोंडावर मास्क, एका दमात तीन शब्द निघत नव्हते, तरी म्हणालेच, "काय रं... सदरा... शिवतोस काय?"

ब्रदर हसला. मला काय हसू आलं नाही. ११२ किलोचा माणूस श्वासासाठी धडपडतोय, वजन कुणी विचारेना आणि ह्यांचं उंची मोजायचं चाललंय. तेव्हा लई राग आलता.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, वय ५८, कोल्हापुरात शिवाजी पेठेत घर, साखर कारखान्यातनं नुकतेच रिटायर. तरुणपणी तालमीत होते, खासबागेच्या कुस्ती मैदानात पण दोन-तीनदा उतरलेत, मोठं नाव वगैरे झालं नाही पण पेठेत अजून त्यांना पैलवान म्हणूनच हाक मारतात. मग नोकरी लागली, लग्न झालं, शिफ्टा सुरू झाल्या. जोर-बैठका सुटल्या, खुराक काय सुटला नाही. सकाळी गंगावेशीत दूध, रविवारी मटण, मधल्या वारी मिसळ, आणि मामी वाढायला बसली की ताटात तूप किती पडतंय ह्याला काय हिशेब नसतो. आपल्याकडं बारीक झालेल्या माणसाला लोक काळजीनं विचारतात, काय रे, बरं नाही का? आणि पोट सुटलेल्याला म्हणतात, तब्येत केलीस की लेका! मी स्वतः मार्केट यार्डात गुळाची अडत बघतो, दिवसभर गादीवर बसून, ५ फूट ८ इंच आणि ९१ किलो, त्यामुळं मामांकडं बोट दाखवायचा मला तसा काही अधिकार नाही हे आधीच सांगून ठेवतो.

रविवारी ताप आला, अंग मोडून आलं, खोकला. सोमवारी जवळच्या डॉक्टरकडं गेले, तापाची गोळी, सिरप, झालं. बुधवारी जिना चढताना दम लागायला लागला म्हणून परत गेले तर डॉक्टर म्हणाले, पैलवान, पोट बघा केवढं आहे, दम लागणारच की, वजन कमी करा. बोटाला ऑक्सिमीटर लावला नाही. नाव लिहीत नाही, माणूस वाईट नाही, आमच्या घरातल्यांना वर्षानुवर्षं त्यांनीच बरं केलंय, पण त्या दिवशी त्यांनी पोट बघितलं आणि पोटाच्या वर काय चाललंय ते बघितलं नाही. नंतर आयसीयूतल्या मॅडमनी सांगितलं की फ्लूची गोळी, ती ऑसेल्टामिविर, ४८ तासांच्या आत सुरू झाली तर जास्त कामाला येते. आम्ही ती सहाव्या दिवशी सुरू केली. तरी देतातच, ॲडमिट पेशंटला उशिरा दिली तरी देतात, पण ते सोमवारचं दार उघडं होतं आणि आम्ही बाहेरनंच परत आलो हे डोक्यातनं जात नाही.

आणि खूण तर घरात समोर होती. बुधवार आणि गुरुवार दोन्ही रात्री मामा खुर्चीत बसून झोपले. मामी म्हणाली, आडवं झालं की घुसमटतंय म्हणतात, बसलं की बरं वाटतंय. आम्हाला वाटलं कफामुळं. शुक्रवारी सकाळी मी गेलो तर ओठ जरा काळपट वाटले, कोरोनातला ऑक्सिमीटर कपाटातनं काढला, त्यातले सेल मेलेले, टीव्हीच्या रिमोटमधले काढून घातले, आकडा आला ८६. पुन्हा लावला, ८५. मग काय, रिक्षा नको म्हणून शेजारच्याची गाडी, धो धो पाऊस, आणि मामा पुढच्या सीटवर बसून ड्रायव्हरला सांगतायत हळू घे, खड्डा आहे.

स्वॅब एच१एन१ पॉझिटिव्ह. म्हणजे आपला जुना स्वाइन फ्लूच, आता तो दरवर्षीचाच पाहुणा झालाय, आपल्याकडं पावसाळ्यात एकदा आणि हिवाळा सरताना एकदा डोकं वर काढतो. दोन्ही फुप्फुसात न्यूमोनिया. आधी मास्क, मग ते नाकात जोरात ऑक्सिजन सोडणारं हाय फ्लो मशीन. बाहेर सगळं गाव पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी विचारत होतं, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, किती झालं, किती झालं. पातळी वर चालली होती आणि आत मामांचं सॅच्युरेशन खाली. वेटिंगमधली सगळी माणसं मोबाईलवर एक आकडा बघायची आणि दाराकडं बघून दुसरा आकडा विचारायची.

माझी मावसबहीण मिरजेत भूलतज्ज्ञ आहे. तिला रात्री फोन लावला आणि पहिली तक्रार टेपचीच केली. ताई म्हणाली, "अरे येड्या, बरोबर करतायत ते. फुप्फुसं उंचीवर असतात, वजनावर नाही. मामा ६० किलोचे होते तेव्हा जेवढी फुप्फुसं होती तेवढीच आज ११२ ला आहेत. माणूस वाढतो, फुप्फुस वाढत नाही."

मग तिनं हिशेबच करून दाखवला. व्हेंटिलेटर लावायची वेळ आली तर एका श्वासाला किती हवा ढकलायची हे उंचीवरनं ठरतं. १६८ सेंमीच्या पुरुषाला हिशेबाचं वजन येतं साधारण ६४ किलो, त्याला किलोमागं ६ मिली, म्हणजे श्वासाला ३८५ मिलीच्या आसपास. खऱ्या वजनावर हिशेब केला तर पावणेसातशे मिली जाईल आणि आधीच सुजलेलं फुप्फुस फुग्यासारखं ताणून फाटेल. हे पूर्वी एवढं पाळत नव्हते म्हणे, भरपूर हवा द्यायचे. २००० साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात १२ मिली आणि ६ मिलीची तुलना झाली तेव्हा कमी हवा दिलेल्या पेशंटांमधला मृत्यूदर ४० टक्क्यांवरून ३१ वर आला, तेव्हापासनं जगभर टेप आली. म्हणजे मशीनच्या लेखी आमचा पैलवान ६४ किलोचा. उरलेले ४८ किलो मशीन मोजतच नाही, पण ते अंगावर असतात ना, आणि खरी गोम तिथंच आहे.

आता हे जरा नीट सांगतो कारण मला स्वतःला हे ४२व्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. आपण श्वास सोडला तरी फुप्फुस पूर्ण रिकामं होत नाही, थोडी हवा शिलकीत राहते, गल्ल्यात सुट्टे पैसे ठेवतो तशी. पोट मोठं असलं की ते खालनं छाती-पोटामधल्या पडद्याला वर ढकलतं, छातीवरची चरबी वरनं दाबते, आणि ही शिल्लक कमी होते. किती कमी? बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा. तो २० असलेल्या माणसाशी तुलना केली तर ३० बीएमआयच्या माणसाची ही शिल्लक ७५ टक्केच असते, आणि जोर लावून बाहेर काढता येणारा जो राखीव भाग तो तर निम्म्याच्याही खाली, ४७ टक्के. माझा बीएमआय काढला, ३०.५. मामांचा जवळपास ४०. फोन हातात धरून मी बाकड्यावर नुसता बसून राहिलो.

रोजच्या जगण्यात ह्याचं काही कळत नाही. अडतीवर बसायला, मोटारसायकल चालवायला तेवढी हवा पुरते. पण फुप्फुसाच्या खालच्या भागातल्या छोट्या पिशव्या दाबानं मिटलेल्याच असतात, आणि न्यूमोनिया आला की वरच्या ज्या चालू होत्या त्यातही पाणी भरतं. गल्ल्यात आधीच सुट्टे नाहीत आणि गिऱ्हाईक पाचशेची नोट घेऊन आलंय असली गत. आडवं झालं की तर पोटाचं सगळं वजन छातीकडं सरकतं, म्हणून मामा खुर्चीत झोपत होते. ते त्यांनी कुणी न सांगता बरोबर शोधून काढलं होतं, आम्हालाच वाचता आलं नाही.

ताईनं आणखी एक सांगितलं ते ऐकून माझी त्या रात्री झोपच उडाली. नळी घालायच्या आधी भरपूर ऑक्सिजन देऊन ठेवतात, कारण नळी जाईपर्यंत पेशंटचा श्वास थांबलेला असतो. सडपातळ निरोगी माणूस त्या साठ्यावर आठेक मिनिटं निघतो. खूप लठ्ठ माणसाला तीन मिनिटं पण मिळत नाहीत. आणि मान आखूड, गळ्यात चरबी, जीभ जाड, त्यामुळं नळी घालायला पण तिथंच जास्त वेळ लागतो. ती म्हणाली, "आम्ही असला पेशंट आला की खांद्याखाली उशांची उतरंड लावतो, कान आणि छाती एका रेषेत आणतो, आणि सगळ्यात हुशार माणसाला हाक मारतो."

रविवारी पहाटे मामांना नळी घातली. पाच दिवस व्हेंटिलेटर.

ह्या पाच दिवसांतलं एक सांगायलाच पाहिजे. दुसऱ्या दिवशी मॅडम बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ऑक्सिजन वाढवूनही म्हणावं तसं सुधारत नाही, आम्ही त्यांना पालथं करतोय, रोज १६ तास. मामीला काय कळेना. पालथं? एवढ्या माणसाला? नळ्या लावल्यात ना? मी समजावून सांगायला गेलो, म्हणजे मला ताईनं सांगितलेलं सांगायला गेलो, की फुप्फुसाचा जास्त भाग पाठीकडं असतो, उताणं झोपलं की हृदय, पोट सगळ्याचा भार त्याच्यावर येतो, पालथं केलं की पाठीकडचा भाग मोकळा होतो. मामीचा चेहरा तसाच. तेवढ्यात मामांच्या तालमीतला एक जुना दोस्त बसला होता, कान फुटलेला, सत्तरीचा, तो म्हणाला, "वहिनी, कुस्तीत पाठ टेकली की माणूस हरला. जीव वाचवायचा असला की पैलवान पालथाच पडतोय. पाठ टेकू देत नाहीत डॉक्टर, एवढंच हाय."

मामीला लगेच कळलं. नंतर दिवसभर ती प्रत्येक नातेवाइकाला फोनवर हेच सांगत होती, पाठ टेकू देत नाहीत.

पालथं करायला सहा माणसं लागली. एक डोक्याशी नळी धरून, दोन-दोन बाजूला, एक नुसता वायरी सांभाळायला. त्यातला एक वॉर्डबॉय स्वतः तालमीत जाणारा होता, मला दारातल्या काचेतनं दिसलं, त्यानं मामांच्या कमरेखाली हात घातला तो बरोबर पैलवानासारखा. छातीखाली आणि कमरेखाली उश्या, पोट मधे मोकळं लोंबतं ठेवायचं, दाबलं गेलं तर उपयोग नाही. सिस्टर दर दोन तासांनी मान फिरवायच्या. आपण बाहेर बसून हॉस्पिटलला शिव्या घालतो, बिल बघून तर घालतोच, पण त्या सहा जणांच्या पाठीचं काय होत असेल रोज हा विचार मी पहिल्यांदा केला. मोठ्या देहाच्या पेशंटचं सगळंच अवघड. पोर्टेबल एक्सरे धुरकट येतो, स्टेथोस्कोपला आवाज लांबनं येतो, शीर सापडत नाही, बेडसोअर लवकर होतात, पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती जास्त म्हणून पोटात रोज इंजेक्शन. आणि शुगर. मामांना डायबेटिस नाही असं आम्ही छातीठोक सांगितलं होतं. तीन महिन्यांची शुगर निघाली ८.४. नाही म्हणजे, तपासलीच नव्हती.

घोरणं हा आमच्या घरात चेष्टेचा विषय. मामा घोरतात तर खालच्या मजल्यावरचं कुत्रं उठतं असं म्हणायचे सगळे. आता कळलं की तो झोपेत श्वास अडकण्याचा आजार होता, रात्री कितीतरी वेळा ऑक्सिजन खाली जात होता, वर्षानुवर्षं, आणि आम्ही हसत होतो.

एवढं झाल्यावर मी रात्री बाकड्यावर बसून मोबाईलवर वाचायला लागलो, काही ताईनं पाठवलं, काही मी शोधलं. एक गोष्ट वाचून चकित झालो. लठ्ठपणा म्हणजे फ्लूमध्ये धोका, हे डॉक्टर लोकांनाच २००९ पर्यंत नीट माहीत नव्हतं. दमा, हृदयरोग, म्हातारपण, गरोदरपण ही यादी होती, वजन यादीत नव्हतं. २००९ च्या स्वाइन फ्लूत मिशिगन विद्यापीठाच्या आयसीयूतनं एक छोटा रिपोर्ट आला, अगदी गंभीर १० पेशंट, त्यातले ९ लठ्ठ आणि ७ जणांचा बीएमआय ४० च्या वर. दहातल्या पाच जणांच्या फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या. तेव्हा सगळे जागे झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतातला पहिला स्वाइन फ्लूचा मृत्यू पुण्यात झाला होता, आठवतंय का, नायडू हॉस्पिटलसमोर रांगा, रुमाल बांधून फिरणारी माणसं. आम्ही इथं कोल्हापुरात कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या गळ्यात बांधल्या होत्या. वजनाबद्दल तेव्हा कुणी एक शब्द बोललेलं मला आठवत नाही. आज अमेरिकेच्या सीडीसी ह्या सरकारी आरोग्य संस्थेच्या यादीत ४० च्या वरचा बीएमआय सरळ लिहिलेला आहे.

मग कोरोनानं तेच पुन्हा दाखवलं, जास्त मोठ्या अक्षरात. फ्रान्समधल्या लिल शहरात पहिल्या लाटेत आयसीयूतले १२४ पेशंट बघितले, जवळपास निम्म्यांचा बीएमआय ३० च्या वर, आणि ३५ च्या वर होते त्यातल्या ८५ टक्क्यांना व्हेंटिलेटर लागला. अमेरिकेत २३८ हॉस्पिटलांमधल्या जवळपास दीड लाख कोरोना पेशंटांत ५१ टक्के लठ्ठ निघाले. आता इथं जरा थांबा हं, व्हॉट्सॲपवर हा आकडा नुसता फिरतो पण अमेरिकेत तेव्हा तशीही ४२ टक्के मोठी माणसं लठ्ठच होती, त्यामुळं ५१ ऐकून जेवढं वाटतं तेवढा फरक नाही. खरा फरक आत गेल्यावर दिसतो, कुणाला आयसीयू लागला, कुणाला नळी लागली, आणि तरुणांत तर जास्तच. ब्रिटनचा तेव्हाचा पंतप्रधान बोरिस जॉन्सन एप्रिल २०२० मध्ये आयसीयूत होता, बाहेर आल्यावर स्वतःच म्हणाला की मी फार जाड होतो. आपल्याकडं एखादा पुढारी असं म्हणाला तर मी गुळाचा एक रवा, म्हणजे अख्खी ढेप, फुकट देईन.

पण नुसतं दाबाचंच गणित असतं तर गोष्ट सोपी होती. चरबी पोत्यातल्या मालासारखी गप पडून राहत नाही हे मला दुसरं मोठं ज्ञान मिळालं. ती सतत रक्तात काहीबाही सोडत असते, त्यातनं अंगात कायम एक बारीक दाह चालू राहतो. गुऱ्हाळ बघितलेल्यांना सांगतो, चुलाण विझलंय असं वाटतं, वरनं राख दिसते, पण आत निखारे असतात आणि चिपाड टाकलं की भडका. व्हायरस म्हणजे ते चिपाड. आधी तर अंगाचं लढायचं काम उशिरा सुरू होतं, व्हायरसला वाढायला वेळ मिळतो, आणि मग सुरू झालं की आवरत नाही, स्वतःच्याच फुप्फुसाला भाजून काढतं. निकाराग्वात फ्लू झालेल्या घरांमध्ये बघितलं तर लक्षणं असलेली लठ्ठ मोठी माणसं इतरांपेक्षा ४२ टक्के जास्त काळ व्हायरस बाहेर टाकत होती. म्हणजे घरातल्या बाकीच्यांना पण ताप. आमच्यात मामी आणि त्यांचा धाकटा पोरगा दोघं पडलेच, त्यांचं घरीच भागलं.

लसीचं पण तसंच. अमेरिकेत लस घेतलेल्या लोकांवर लक्ष ठेवलं तर लठ्ठ लोकांना फ्लू किंवा फ्लूसारखा आजार व्हायचं प्रमाण दुप्पट निघालं, अँटीबॉडी बरोबर तयार होऊन सुद्धा. हे वाचून लस कशाला घ्यायची म्हणू नका, उलट ज्याच्या घराला कुलूप ढिलं आहे त्यानं तरी लावायला नको का? मी ह्या वर्षी जूनच्या आधी घेतली. खांदा दोन दिवस दुखला.

आता मावशीचं ऐका. मामा वाचले, पाचव्या दिवशी नळी काढली, अठराव्या दिवशी वॉर्डात, तेविसाव्या दिवशी घरी. मावशी भेटायला आली आणि म्हणाली, बघा, अंगात होतं म्हणून तरलाय, बारीक असता तर गेला असता. मी फाडकन बोलायला गेलो, पण रात्री ताईला विचारलं तर ती म्हणाली थांब, मावशी अगदीच चूक नाही. आयसीयूत पोचलेल्या पेशंटांचे आकडे काढले तर बऱ्याच अभ्यासांत लठ्ठ पेशंट जास्त मरतात असं दिसत नाही, कधी कधी कमीच मरतात. डॉक्टरांना हे कोडं बरीच वर्षं छळतंय. काही जण म्हणतात महिनाभर उपाशी अंगाला साठा उपयोगी पडतो. काही म्हणतात लठ्ठ माणसाला डॉक्टर घाबरून लवकर आयसीयूत घेतात त्यामुळं तो तुलनेनं बरा असतो. आणि बारीक पेशंटांत कॅन्सर, टीबी, जुनाट आजारानं वाळलेले पण धरलेले असतात, त्यांच्याशी तुलना केली की जाड माणूस ठणठणीतच दिसणार. ताईचं म्हणणं एवढंच, की तो हिशेब दारातनं आत गेल्यावरचा आहे. दारापर्यंत कोण जास्त जातंय, आत किती दिवस राहतंय, हे मावशी मोजत नाही.

हे मला पटलं. अडतीत पण असंच असतं, सौद्याला आलेल्या मालाचा भाव सगळे सांगतात, वाटेत भिजलेला कोण धरतोय.

आणि आपण बारीक आहोत म्हणून वाचताना खूश असलेल्यांना एक चिमटा. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन ह्यांचा २००४ साली लॅन्सेटमध्ये एक फोटो छापून आला, दोघं शेजारी उभे. दोघांचाही बीएमआय २२.३, अगदी सारखा. शरीरातली चरबी मात्र गोऱ्याची ९.१ टक्के आणि आपल्या माणसाची २१.२. आपण हातापायानं काडी आणि पोटानं हंडी. म्हणून भारतीयांसाठी वजन जास्तची रेघ २३ वर आणि लठ्ठपणाची २५ वर धरतात, आणि त्याच्यापेक्षा सोपं म्हणजे कंबर, पुरुषाची ९० सेंमी आणि बाईची ८० च्या आत पाहिजे. देशाच्या २०१९-२१ च्या आरोग्य पाहणीत २५ च्या वर २४ टक्के बायका आणि २३ टक्के पुरुष निघाले. म्हणजे चौघांत एक. रंकाळ्यावर संध्याकाळी भेळ खायला उभ्या असलेल्या गर्दीत तर मला चौघांत अडीच दिसतात, पण ती माझी मोजणी, आणि मी पण तिथंच उभा असतो.

मला ह्यातनं लठ्ठ माणसाला घालून पाडून बोलायचं नाही. ते काम जग चांगलं करतंय. बुधवारी डॉक्टर जे बोलले ते पण तसलंच, आणि त्या एका वाक्यानं दोन दिवस गेले. मामांना नंतर विचारलं, गुरुवारी दम वाढला तेव्हा परत का नाही गेला तुम्ही? म्हणाले, "परत तेच ऐकायला कशाला जाऊ? लोकांच्या म्होरं?" बघा म्हणजे. पोटाचा दाब फुप्फुसावर होता तो होताच, ही लाज वरनं अजून. घरात कुणी जाड माणूस असेल आणि ताप-खोकल्यात दम लागतोय म्हणाला तर पोटाकडं नंतर बघा, आधी बोटाला मशीन लावा. आडवं होता येत नाही म्हणाला तर त्याच रात्री न्या, सकाळची वाट बघू नका. त्यातले सेल पण तपासा.

मामा आता ९७ वर आलेत. त्यातले निम्मे तर हॉस्पिटलनेच उतरवले, आणि ते चरबीपेक्षा मांड्यांचं मांस होतं, घरी आले तेव्हा खुर्चीतनं उठायला दोन माणसं लागायची, ज्या माणसानं हजार बैठका मारल्यात त्याला. रात्री नाकाला मशीन लावून झोपतात, कुत्रं आता शांत आहे. ते इंजेक्शन, आठवड्याला एक टोचतात ते, वजन उतरायचं, मेडिकलवाला म्हणाला सगळे विचारायला लागलेत. मामांनी विचारलं, किंमत ऐकली, आणि उठून चालायला गेले.

फिजिओच्या मॅडमनी एक खेळणं दिलंय, तीन कप्पे आणि प्रत्येकात एक रंगीत बॉल, नळी तोंडात धरून श्वास घेतला की बॉल वर जातात. दिवसातनं दर तासाला दहा वेळा. पहिल्या आठवड्यात एक बॉल पण नीट वर टिकत नव्हता. आता दोन जातात, तिसरा नुसता थरथरतो. परवा ते खेळणं घेऊन मामा तालमीत गेले, पोरांनी घेराव घातला, एक वीस-बावीसचा गडी, ९५ किलोचा, नुसता दगड, त्यानं हातात घेतलं आणि गाल फुगवून असा काही फुंकला की नळीतनं थुंकी उडाली. बॉल जागचा हलेना. पोरं हसायला लागली, गडी लाल.

मामांनी त्याच्या हातनं ते काढून घेतलं, सदऱ्याला पुसलं आणि म्हणाले, "फुंकायचं न्हाई रं. वढायचं."